मुंबईत उभी राहिलेली क्वार्टेट

दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो एवढ्या चार तंतुवाद्यांच्या संचाला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. ऑस्ट्रियाचे संगीतकार जोसेफ हायडन (१७३२–१८०९) यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रकाराला पक्के रूप दिले. बीथोवन यांच्या १६ क्वार्टेट तर या संगीताचे शिखर मानल्या जातात. इथे हात हलवून ताल दाखवणारा संचालक नसतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसर भागात भजनी मंडळात मुख्य गायक ओळ म्हणतो आणि झीलकरी तीच ओळ उचलतात. क्वार्टेटमध्ये मात्र चौघांच्या ओळी वेगळ्या असतात आणि त्या एकाच वेळी वाजत एकमेकींत बसाव्या लागतात. एकाचा सूर जरा हलला तरी झाकायला मागे मोठा वाद्यवृंद नसतो. म्हणून चांगली क्वार्टेट तयार व्हायला वर्षानुवर्षांच्या तालमी लागतात.

भारतात हे संगीत रुजवण्याचे मोठे श्रेय मुंबईच्या मेहली मेहता (१९०८–२००२) यांना जाते. व्हायोलिन ते बरेचसे स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९३४ साली वॉल्टर काऊफमान हे ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आले आणि त्यांनी छोट्या संचांच्या मैफली सुरू केल्या. मेहता त्यांत व्हायोलिन वाजवत. आकाशवाणीची जी संकेतधून पिढ्यान्‌पिढ्या सकाळी ऐकली गेली, ती याच काऊफमान यांची मानली जाते. १९३५ मध्ये मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. तेव्हा ते जेमतेम बत्तिशीत होते. त्यांचे चिरंजीव, पुढे वाद्यवृंद-संचालक म्हणून गाजलेले झुबिन मेहता यांचे कान याच वातावरणात तयार झाले.

पण एका माणसाच्या ध्यासावर असे संच उभे राहत नाहीत. वाजवणारे हात आधी तयार असावे लागतात. मुंबईला ते मोठ्या प्रमाणावर गोव्याने दिले. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गरीब घरातला मुलगाही तिथून कागदावरचे संगीत वाचत बाहेर पडे. पुढे हेच वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात दिसतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे ते गुरू. गोव्यात आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ साली संगीताची अकादमी काढून या शिक्षणाला चर्चबाहेर घर दिले.

मेहता १९४५ मध्ये न्यूयॉर्कला व्हायोलिनचे गुरू इव्हान गलामियन यांच्याकडे शिकायला गेले आणि १९५५ नंतर परदेशातच स्थिरावले. आधी मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा, मग फिलाडेल्फियाची कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट. मुंबईत संचाचा प्रमुख असलेला हा वादक तिथे दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीवर बसला. क्वार्टेटमध्ये ती जागा कमीपणाची नाही. मधले सूर तोलून धरणारा वादक कच्चा असेल, तर पहिल्या व्हायोलिनची सारी चमक फुकट जाते.

महाराष्ट्रात व्हायोलिनने याच काळात दुसरी वाट धरली. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी त्यावर ख्यालगायकी उतरवली. वाद्य तेच, पण मांडी घालून बसायचे, तारा षड्ज-पंचमात लावायच्या आणि एकट्याने राग फुलवायचा. हिंदुस्थानी संगीताचा जीव एका स्वररेषेत आहे. चार स्वतंत्र रेषा एकदम चालवण्याची त्याला गरजच पडली नाही, आणि भारतात क्वार्टेट विरळ राहण्याचे हे मुख्य कारण दिसते.

तरीही रागसंगीतात एकत्र वाजवण्याचा थोर प्रयोग झाला, आणि तो आजच्या मध्य प्रदेशातच. मैहर संस्थानात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास अनाथ मुलांना हाताशी धरून मैहर बँड तयार केला. सतार, सारंगी, व्हायोलिन, चेलो यांच्या जोडीला बंदुकीच्या नळ्यांपासून केलेले नलतरंगही त्यात होते. खाँसाहेब स्वतः कोलकात्यात लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले होते. गोव्याची विद्या अशी मैहरपर्यंत पोचली.

२००६ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तर २००९ पासून गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांना हे संगीत शिकवत आहे. नव्या तरुण क्वार्टेट अशाच वर्गांतून निघतील. मात्र व्हायोलिनकडे मुले सहज वळतात, व्हिओला आणि चेलोकडे नाही. आणि चारांतले एक वाद्य नसेल तर क्वार्टेट होत नाही. पांढुर्णा, सौसर किंवा आणखी कुठल्याही गावी कुणी संगीताचा वर्ग काढणार असेल, तर त्यांनी मुलांना एकट्याने वाजवायला शिकवतानाच, पहिल्या वर्षापासून, शेजारच्याचे ऐकत वाजवायलाही शिकवावे.