शिक्का आधी, गुन्हा नंतर : हैदराबाद संस्थान, १९३८

हैदराबाद स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने सप्टेंबर १९३८ मध्ये बंदी घातली. नवल असं, की तोवर ही संघटना रीतसर स्थापनही झाली नव्हती. हंगामी समिती होती, सभासद नोंदणी चालू होती, इतकंच. म्हणजे बंदी कृतीवर नव्हती, गृहीत धरलेल्या हेतूवर होती. शिक्का होता 'जातीय संघटने'चा.

आज 'दहशतवादी' हा शब्द कानावर पडतो. शब्द वेगळा, पण शिक्क्याची यंत्रणा कशी चालते ते इथे नीट दिसतं.

पहिलं, मागणी बाजूला पडते. स्टेट काँग्रेसला निजामाच्या छत्राखालीच जबाबदार राज्यपद्धती हवी होती. बंदीनंतर त्यावर चर्चाच उरली नाही.

दुसरं, सभासद असणं हाच गुन्हा ठरतो. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या तुकडीने सत्याग्रह केला आणि अटक झाली. चारच दिवसांत स्वामी रामानंद तीर्थही तुरुंगात गेले.

तिसरं, संशय पसरतो. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठाने 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला म्हणून अनेकांचं शिक्षण पुरं झालं.

सरकारची बाजूही बघायला हवी. त्याच वर्षी शहरात दंगल झाली होती, शिवाय आर्य समाज आणि हिंदू महासभेचे सत्याग्रह चालू होते. शांतता राखणं सरकारचं कामच. पण सगळ्यांना एका मापाने मोजलं की निवाडा होत नाही, सोय होते. गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला. बंदी मात्र उठली थेट १९४६ मध्ये! आंदोलन दोन महिन्यांचं, शिक्का जवळजवळ आठ वर्षांचा.

हा प्रश्न जुना झालेला नाही. यूएपीए कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संघटनेप्रमाणे एखाद्या व्यक्तीलाही, खटल्याआधीच, दहशतवादी घोषित करता येतं. बंदी असलेल्या संघटनेचं नुसतं सभासदत्व गुन्हा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं होतं. २०२३ मध्ये तो निर्णय फिरवला. हिंसा करणाऱ्यांना कायद्याने रोखलंच पाहिजे. म्हणूनच कुठल्याही शिक्क्याला तीन प्रश्न विचारावेत : पुरावा कुठला, तपासणार कोण, आणि पुसायची वाट कोणती? १९३८ च्या हैदराबादेत तिन्हींची उत्तरं एकाच दरबाराच्या हातात होती.