डायनासोर, बोकड आणि चिल्लीपिल्ली

फुटबॉल सामन्याची नव्वद मिनिटं एका जागी बसणं लहान पोरांना जमत नाही. त्यांना गोलइतकीच आजूबाजूची गंमत हवी असते. जर्मनीतल्या कोलोन क्लबला १९५० मध्ये एका सर्कशीने जिवंत बोकड भेट दिला. खेळाडू हेनेस वाइसवायलर यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं हेनेस. आज त्या गादीवर नववा हेनेस आहे. एरवी मुक्काम कोलोनच्या प्राणिसंग्रहालयात, घरच्या सामन्याला स्वारी मैदानाच्या कडेला हजर!

लंडनच्या आर्सेनलने तर थेट मुलांनाच विचारलं. क्लबच्या स्पर्धेत अकरा वर्षांच्या मुलाने सुचवलेला हिरवा डायनासोर 'गनरसॉरस' १९९४ मध्ये मैदानात उतरला. स्टँडच्या बांधकामात सापडलेल्या अंड्यातून तो जन्मला, ही त्याची कुळकथा. (पोरांना ती पटते, मोठ्यांनी नाक खुपसू नये.) २०२० मध्ये करोनाकाळातल्या काटकसरीत डायनासोरच्या पोशाखातल्या माणसाची नोकरी गेली, तेव्हा आर्सेनलचा खेळाडू मेसुत ओझिलने त्याचा पगार भरण्याची तयारी दाखवली होती.

सगळ्यांत न्यारा प्रयोग इस्तंबूलचा. प्रेक्षकांच्या दंग्यामुळे तिथल्या फेनरबाचे क्लबला रिकाम्या मैदानात खेळण्याची शिक्षा झाली होती. ती बदलून सप्टेंबर २०११ मध्ये फक्त स्त्रियांना आणि बारा वर्षांखालच्या मुलांना मोफत प्रवेश दिला. ४१ हजारांहून अधिक जण आले. पाहुण्या मनिसास्पोर संघाचं स्वागत शिट्ट्यांऐवजी टाळ्यांनी झालं, खेळाडूंनी प्रेक्षकांकडे फुलं फेकली. सामना १-१ बरोबरीत सुटला.