हजेरीपासून रंगमंचापर्यंत

विद्यार्थी मित्रांनो, रोज सकाळी वर्गात तुमची हजेरी होते. 'हजेरी' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतील 'हाजिरी' तोच हा शब्द. नाव पुकारले की तुम्ही उत्तर देता आणि खाली बसता. पण आपल्या देशात आणखी एक हजेरी होती. ती पोलिसांपुढे द्यावी लागे. ती देणाऱ्यांनी गुन्हा केलेला असेलच असे नव्हे. एका विशिष्ट जमातीत जन्म झाला, एवढेच कारण पुरेसे होते!

१८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या अनेक जमातींची नावे त्यात घातली गेली. परवानगीशिवाय त्यांना कोठे जाता येईना. कित्येकांना तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. अशा वसाहतीला 'सेटलमेंट' म्हणत. आपल्या महाराष्ट्रात सोलापूरला अशी वसाहत होती. अहमदाबादमध्ये छारा जमातीसाठी अशीच वसाहत होती. ती वस्ती आज छारानगर म्हणून ओळखली जाते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मोकळ्या झाल्या. म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. विमुक्त म्हणजे आजाद. कुंपण गेले, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. छारानगरचा पत्ता सांगितला की नोकरी मिळणे कठीण होई. काही हरवले की पहिला संशय छारा मुलावर येई. पोटासाठी कोणी चोरी करी, तर कोणी दारू गाळून विके. मग लोक म्हणत, 'पाहा, हे जन्माचेच चोर!' आधी सरळ वाट बंद करायची आणि आडवाटेने गेला म्हणून दोष द्यायचा, असा हा न्याय होता.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या तरुणाचा पोलिसांच्या कोठडीत मृत्यू झाला. तोही अशाच एका जमातीचा होता. बुधनने गळफास घेतला, असे पोलिसांनी सांगितले. थोर लेखिका महाश्वेतादेवी यांनी या प्रकरणी न्यायासाठी लढा दिला. कोलकात्याच्या उच्च न्यायालयाने केंद्रीय तपासाचा आणि बुधनच्या पत्नीला भरपाई देण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी महाश्वेतादेवी आणि अभ्यासक गणेश देवी छारानगरला आले. तेथे एक वाचनालय सुरू झाले. वाचनालयात जमणाऱ्या तरुणांनी बुधनची हकिकत ऐकली. तो दूर बंगालचा, त्याची भाषा वेगळी. तरीही त्यांना ती आपलीच गोष्ट वाटली. त्यांनी 'बुधन' हे नाटक बसवले आणि ३१ ऑगस्ट १९९८ रोजी ते सादर केले. यातूनच 'बुधन थिएटर' उभे राहिले. दक्षिण बजरंगे हे त्यातील प्रमुख नाटककार व दिग्दर्शक.

या नाटकाला पडदा लागत नाही की झगमगाट लागत नाही. रस्ता हाच रंगमंच. नट शिकवणीतून आलेले नव्हते. पोलिसांची भीती म्हणजे काय, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. तीच भीती त्यांनी चारचौघांत उभी केली. आजवर लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. आता लोक गोल करून बसले आणि त्यांचे ऐकू लागले. पुढे महाराष्ट्रातील पारधी समाजाच्या पिन्या हरी काळे यांच्या मृत्यूवरही त्यांनी नाटक केले.

या चळवळीतील काही तरुण दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, काही चित्रपट व पत्रकारितेत गेले. नाटकाने सगळे प्रश्न सुटले, असे मात्र नाही. नाटक पोट भरत नाही आणि कायदाही बदलत नाही. पण 'तू चोर आहेस' असे ज्याला सतत ऐकवले जाते, त्याला 'मी कोण आहे' हे सांगण्याची जागा नाटकाने दिली.

उद्या वर्गात कोणाचे पेन हरवले, तर आपले बोट आधी कोणाकडे वळते? मित्रांनो, बोट उचलण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि छारानगरची ही मुले आठवा.

स्वाध्याय
१. विमुक्त जमाती कोणाला म्हणतात?
२. बुधनची हकिकत छारानगरच्या तरुणांना आपली का वाटली?
३. 'कुंपण गेले, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही.' हे वाक्य स्पष्ट करा.
४. हजेरी, कायदा यांसारखे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.