फ्लशचं गणित

चार माणसांचं घर, प्रत्येकी दिवसाला ५ फ्लश आणि जुनी १० लिटरची टाकी: रोज २०० लिटर पाणी गेलं. दोन बटणांची टाकी मोठ्या बटणाला साधारण ६, छोट्याला ३ लिटर सोडते. दिवसाला ४ मोठे, १६ छोटे फ्लश धरले तर ७२ लिटरांत भागतं.

मात्र नुसती टाकी बदलून चालत नाही. जुनं भांडं जास्त पाण्याच्या हिशेबानं घडवलेलं. कमी पाण्यात ते नीट साफ होत नाही आणि बटण दोनदा दाबावं लागतं. म्हणून भांडं आणि टाकी जोडीनंच घ्या.

तोवर गळती तपासा. टाकीत खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचं रबरी वॉशर बदलायला झालंय.