मुलाचे बोलणे, मुलाचे वागणे : शिक्षक-पालकांनी जाणून घ्यावे असे काही

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील ही गोष्ट आहे. त्या वेळी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. सहावीच्या वर्गातील एक विद्यार्थी हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणत नसे. नाव पुकारताच नुसता उभा राही. तीन दिवस मी त्याला बजावले आणि चौथ्या दिवशी त्याची गैरहजेरी मांडली. तो काहीच बोलला नाही. दुपारच्या सुट्टीत त्याचा मित्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, त्याला ‘ह’ येत नाही. तोंडातच अडकतो.” ज्याला मी उद्धटपणा समजलो, ती त्या मुलाची रोजची परीक्षा होती. त्या प्रसंगानंतर या विषयाचे जे काही वाचले, तज्ज्ञांकडून जे ऐकले आणि वसतिगृहातील मुलांच्या सहवासात जे पाहिले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडत आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निवासी शाळेत वेगवेगळ्या जिल्ह्यांतून मुले येतात. कोणी वऱ्हाडी बोलतो, कोणी मराठवाड्याच्या वळणाने, कोणाच्या घरी अहिराणी असते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारे मूल त्याच्या घरची आणि गावची भाषा अचूक बोलत असते. तो वाणीचा दोष नव्हे. याउलट घरातील सर्वजण ‘केळी’ म्हणत असताना सहा-सात वर्षांचे मूल ‘तेळी’ म्हणत असेल, तर तेथे उच्चाराची अडचण संभवते. कसोटी सोपी आहे : मूल आपल्या घरच्या माणसांसारखे बोलते काय? बोलत असेल, तर त्याला प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. परंतु त्याच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून हिणवू नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव का दिले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. ज्यांच्या पूर्वजांना बोलू दिले गेले नाही, त्यांच्या लेकरांना वर्गात बोलण्याचीच लाज वाटावी, हे आपल्या हातून तरी घडता कामा नये.

आता खऱ्या अडचणींविषयी. साधारणतः वर्षाच्या सुमारास मूल पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा गेले’ असे दोन शब्द जोडते, तीन वर्षांचे झाले की लहान वाक्ये बोलते. चार-साडेचार वर्षांपर्यंत त्याचे बहुतेक बोलणे परक्या माणसालाही समजू लागते. ‘र’, ‘श’ यांसारखे उच्चार आणि जोडाक्षरे उशिरा स्थिरावतात, म्हणून तीन वर्षांचे मूल बोबडे बोलले तर काळजीचे कारण नाही. मात्र मूल हाक मारली तरी वळून पाहत नसेल, दोन वर्षांनंतरही शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते’ असे म्हणून थांबू नये. जिभेला वेखंड लावून किंवा नवस बोलून ही वर्षे परत मिळत नाहीत.

पहिली तपासणी कानांची करावी. जे ऐकू येत नाही, ते बोलता येत नाही. वारंवार कान वाहणारे मूल अर्धवट ऐकते, अर्धवट समजते आणि वर्गात ‘मठ्ठ’ ठरते. कानाच्या उपचारानेच काही मुलांची निम्मी अडचण दूर होते. त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, मुलाचे उच्चार, शब्दसंग्रह, आकलन आणि बोलण्याचा ओघ तपासतो. वाचा-उपचार हे औषध नव्हे. तो खेळ, चित्रे, गोष्टी आणि सराव यांतून चालणारा शिक्षणक्रम आहे. आठवड्यातून एक-दोन वेळा तज्ज्ञाकडे जाणे पुरेसे नसते. घरी किंवा वसतिगृहात रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव लागतो. स्वमग्नता, दुभंगलेली टाळू किंवा श्रवणदोष असलेल्या मुलांना हे साहाय्य दीर्घकाळ लागते. तज्ज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे झालेली आहे काय, हे पालकांनी निःसंकोच विचारावे.

अडखळत बोलणे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि पुष्कळ मुलांत आपोआप थांबते. ज्यांच्यात ते टिकते, त्यांच्या बुद्धीत काही उणे नसते. अशा मुलाला ‘हळू बोल’, ‘श्वास घे’, ‘नीट बोल’ असे सांगू नये; त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. त्याच्याकडे शांतपणे पाहावे, आपण स्वतः सावकाश बोलावे आणि त्याने काय सांगितले त्याला उत्तर द्यावे. हजेरीला हात वर करण्याची मुभा दिल्याने शाळेची शिस्त बिघडत नाही.

बोलण्याशीच वागण्याचा प्रश्न जोडलेला आहे. ज्या मुलाला मनातले सांगता येत नाही, ते ओरडून, मारून, पळून किंवा गप्प राहून सांगते. वर्तन-साहाय्याची पद्धत तीन प्रश्नांवर उभी आहे : वागणुकीच्या आधी काय घडले? मुलाने नेमके काय केले? त्यानंतर त्याला काय मिळाले? एक उदाहरण घेऊ. मोठ्याने वाचण्याची पाळी आली की एक विद्यार्थी शेजाऱ्याशी भांडतो. शिक्षक त्याला वर्गाबाहेर काढतात. आपल्याला वाटते शिक्षा झाली. पण मुलाला वाचन टाळावयाचे होते आणि ते टळले. उद्या तो पुन्हा भांडेल. येथे उपाय शिक्षा वाढविण्यात नाही. उतारा त्याला आदल्या दिवशी द्यावा, दोनच ओळी वाचावयास लावाव्यात, ‘मला नंतर वाचू द्या’ असे म्हणावयास शिकवावे आणि त्याने तसे म्हटले की ते मान्य करावे. त्याच वेळी त्याला अध्ययन अक्षमता आहे काय, याची तपासणी करावी. वसतिगृहात रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाबाबतही हेच. बहुतेक मुले ते हेतुपुरस्सर करीत नाहीत. त्याला डॉक्टरांकडे न्यावे आणि चादर इतरांच्या नकळत बदलण्याची सोय करावी.

हा केवळ दयेचा विषय नाही, कायद्याचा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले असून वाचा व भाषा दिव्यांगत्व, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा त्यात समावेश आहे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय योजणे ही याच कायद्याने शाळांवर टाकलेली जबाबदारी आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते : अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शासकीय व अनुदानित शाळांत एकदा. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. त्यासंबंधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या क्षेत्रात कार्यरत आहे. तपासणी पथक शाळेत येते त्या दिवशी वर्गशिक्षकाने आपल्या शंका लिहून तयार ठेवल्या, तर घाईतही योग्य मूल नजरेतून सुटत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज परिचारिका आहेत, कोणी शिक्षक, कोणी शहरात स्थिरावलेले नोकरदार. गावाकडच्या आईवडिलांना एवढ्या मोठ्या रुग्णालयात कोणत्या खिडकीशी उभे राहावे, हेच पुष्कळदा उमगत नाही. त्यांच्यासोबत एक दिवस जाणे, हीसुद्धा शाळेची परतफेड होईल. आणि शाळेकडे माझी एक विनंती आहे. प्रवेशाच्या नोंदवहीत जात, जन्मतारीख आणि पत्ता यांपुढे आणखी दोन रकाने आखावेत : ‘कान तपासले काय?’ आणि ‘घरी कोणती भाषा बोलतात?’

त्या सहावीतील मुलाला मी पुढे ‘हजर’ऐवजी ‘आलो’ म्हणावयास सांगितले. ते तो सहज म्हणत असे. त्याची अडचण त्याने मिटली नाही. वाचा-उपचाराची सोय तेव्हा आमच्या तालुक्यात नव्हती आणि ती कोठे शोधावी हे मलाही ठाऊक नव्हते. आजच्या शिक्षकाला मात्र ते ठाऊक नसण्याचे कारण उरलेले नाही.