पाण्यात पडलेले नर

नारायणगावजवळच्या उन्हाळी टोमॅटोत शिरलं की आधी नजरेत भरतात त्या पिवळ्या चिकट पट्ट्या. कामगंध सापळा शोधावा लागतो. प्लॅस्टिकचं पसरट भांडं, त्यात साबणाचं पाणी आणि वर तारेला अडकवलेली रबरी गोळी. गोळीला मादी पतंगाचा गंध असतो, आपल्याला न जाणवणारा. नर त्याच्या ओढीने येतात आणि पाण्यात पडतात.

सकाळी माझे मामा काडीने ते एका कडेला ओढून मोजतात. जेमतेम सहा मिलिमीटरचा राखाडी जीव, पंखांवर काळे ठिपके. चिलट म्हणून कुणीही झटकून टाकेल.

हा टुटा नावाचा पतंग. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पेरूतल्या नमुन्यांवरून कीटक-अभ्यासक मेरिक यांनी 1917 मध्ये त्याचं वर्णन केलं. 2006 मध्ये तो स्पेनला पोचला आणि 2014 मध्ये पुण्यातल्या टोमॅटोवर सापडला.

नागअळीशी त्याची गल्लत होते. नागअळी पानावर पांढरी नागमोडी रेघ ओढते. टुटाची अळी पानाचा गर खाऊन रुंद, पारदर्शक डाग पाडते. पान उन्हाकडे धरलं की आत अळी आणि तिची काळी विष्ठा स्पष्ट दिसते. फळात ती बहुधा देठाच्या टोपीखालून शिरते. टाचणीएवढं भोक, तोडताना लक्षात येत नाही, बाजारात क्रेट उघडल्यावर व्यापाऱ्याला बरोबर दिसतं.

“सापळा भरला म्हणजे काम झालं नाय,” मामा म्हणाले, “मादी तिकडं पानावर अंडी घालतीच हाय.” खरंच आहे. एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालू शकते आणि पानाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा नीट पोचत नाही. सापळा औषध म्हणून विकणारे हे सांगत नाहीत. माझ्या मते त्याचा खरा उपयोग मोजणीचा: नर वाढू लागले की पानं तपासायची, फवारणीचा दिवस त्यावरून ठरवायचा.

जुन्नर-आंबेगावात एकाचा शेवटचा तोडा चालू असताना शेजारी पावसाळी लागवड उभी असते. पतंगाने बांध ओलांडला की झालं. तेव्हा प्लॉट मोडल्यावर झाडं आणि किडकी फळं बांधावर टाकू नका. त्याच दिवशी खड्डा करून खोल गाडा.