वैमानिकांच्या डॉक्टर

एस.टी.ने घाट चढताना तुमच्या कानांना कधीतरी दडे बसले असतील. आवंढा गिळला की कान मोकळा होतो आणि आपण ते विसरून जातो. उंचावर हवेचा दाब कमी होतो. कानाच्या आतला दाब मात्र लगेच बदलत नाही, म्हणून असे होते. आपले घाट तसे फार उंच नसतात. लढाऊ विमान काही मिनिटांत दहा हजार मीटरांवर जाते आणि तितक्याच झपाट्याने खाली येते. अशा वेळी वैमानिकाला सर्दी असेल, नाक चोंदलेले असेल, तर कानात असह्य कळ येते. कानाचा पडदाही फाटू शकतो.

म्हणजे तुमच्याआमच्या घरी जिच्याकडे कोणी लक्षही देत नाही, ती सर्दी आकाशात घातक ठरते. ‘आज तुम्ही उड्डाण करायचे नाही,’ असे वैमानिकाला सांगणारे कोणीतरी हवे. ते काम हवाई दलातील डॉक्टरांचे. डॉक्टर म्हणजे आजाऱ्याला बरे करणारा, अशी आपली समजूत असते. या डॉक्टरांपुढे मात्र बहुतेक वेळा धडधाकट माणसेच उभी असतात.

भारतीय हवाई दलातील अशाच एका डॉक्टरांची ओळख आज करून घेऊ. त्यांचे नाव पद्मा बंदोपाध्याय.

त्यांचा जन्म १९४४ साली तिरुपती येथे झाला. बालपण दिल्लीत गेले. आईला क्षयरोग झाला होता. ज्या वयात मुले आईचा पदर धरून फिरतात, त्या वयात पद्मा आजारी आईची सेवा करत होत्या. शेजारी डॉ. एस. पद्मावती राहत. त्या पुढे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून देशभर प्रसिद्ध झाल्या. त्यांना पाहून आपणही डॉक्टर व्हावे, असे या मुलीच्या मनाने घेतले. पण शाळेत तिचे विषय कला शाखेचे होते! महाविद्यालयात गेल्यावर तिने विज्ञान घेतले, मागे राहिलेला अभ्यास भरून काढला आणि १९६३ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला. तुमच्यापैकी कोणी पुण्याला गेले तर वानवडी भागात हे महाविद्यालय आजही आहे.

१९६८ मध्ये त्या हवाई दलात दाखल झाल्या. पुढे त्यांनी हवाई वैद्यकशास्त्र हा विषय निवडला. माणसाचे शरीर जमिनीवर राहण्यासाठी घडलेले आहे. ते आकाशात नेले तर काय होते, हे या शास्त्रात शिकतात.

साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या निम्मा असतो. साडेदहा हजार मीटरांवर प्राणवायूचा मुखवटा निघाला, तर माणूस अर्धा ते एक मिनिटच शुद्धीने काम करू शकतो. यात दुखत काहीच नाही, आणि खरा धोका तोच. उलट पुष्कळांना अशा वेळी मजेत असल्यासारखे वाटते. म्हणून वैमानिकांना एका पोलादी खोलीत बसवतात आणि पंपाने आतली हवा कमी करतात. मुखवटा काढायला लावून कागदावर नाव लिहायला, वजाबाक्या करायला सांगतात. थोड्या वेळाने अक्षरे वाकडी होतात, हिशेब चुकतो. लिहिणाऱ्याला मात्र सारे ठीक चालले आहे असेच वाटते! नंतर तो कागद पाहिला की त्याला धक्का बसतो.

विमान वेगाने वळते तेव्हाही असेच काहीतरी घडते. काही लढाऊ विमानांत वळताना शरीराचा भार नऊपट होतो. साठ किलोच्या माणसाला आपण ५४० किलोंचे झालो असे वाटते. रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे आधी करडे, मग काळे दिसू लागते आणि शुद्धही हरपते. यावर उपाय म्हणून वैमानिक एक खास पोशाख घालतो. वळताना त्यात हवा भरते, पोट आणि पाय आवळले जातात आणि रक्त खाली उतरत नाही.

हे सारे शिकता येते. पण मला वाटते, या डॉक्टरांचे सर्वांत अवघड काम वेगळेच आहे. वैमानिकाला तपासणी आवडत नाही. डॉक्टरांनी एक शेरा लिहिला की त्याचे उडणे थांबते, कधी कायमचे. म्हणून तो दुखणे लपवू पाहतो. डॉक्टर आणि वैमानिक एकाच तळावर राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात. वैमानिक हुद्द्यानेही मोठा असू शकतो. अशा माणसाला ‘नाही’ म्हणायचे आणि तरी त्याने पुढच्या खेपेला आपल्याला खरे सांगावे, इतका विश्वास टिकवायचा!

१९७१ च्या युद्धात पद्माताई पंजाबमधील हलवारा तळावर होत्या. त्यांचे पती सतीनाथ बंदोपाध्याय हेही हवाई दलात अधिकारी होते. या पती-पत्नींना एकाच समारंभात विशिष्ट सेवा पदक मिळाले. १९७८ मध्ये वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. कडाक्याच्या थंडीत शरीर कसे तग धरते, याचा अभ्यास करायला त्या उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातही गेल्या. पुढे दिल्लीतील ज्या केंद्रात वैमानिकांची वैद्यकीय तपासणी होते, त्या केंद्राच्या त्या प्रमुख झाल्या. २००२ मध्ये त्या एअर व्हाइस मार्शल आणि २००४ मध्ये एअर मार्शल झाल्या. हवाई दलात या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला. २००५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

हा धडा वर्गात सांगत असताना एका मुलीने मला विचारले, “सर, मग त्या स्वतः विमान चालवत होत्या का?” नाही. विमान चालवणे हे त्यांचे काम नव्हते. पण वैमानिकांना पोलादी खोलीत बसवतात तेव्हा या शास्त्राचे जाणकारही त्यांच्यासोबत आत बसतात. स्वतःचा मुखवटा तोंडावर घट्ट ठेवून ते समोरच्याच्या कागदाकडे पाहत राहतात, पहिले अक्षर कधी वाकडे होते ते टिपण्यासाठी.